बिराजदार सरांचं दुसरं काम

आमच्या शेजारचे बिराजदार सर कुठल्याही वस्तूकडे बघून एकच प्रश्न विचारतात, "ह्याचं दुसरं काम काय?"

पहिलं काम त्यांना मान्य असतं, पण त्यात त्यांना गोडी नाही. छत्री पावसात धरायची हे कुणीही सांगेल. सरांच्या गच्चीवर एक फाटकी छत्री कापड काढून उलटी टांगलेली आहे आणि तिच्या काड्यांवर त्यांचे पायमोजे वाळत असतात. अंगणातल्या कढीपत्त्याला सलाईनच्या रिकाम्या बाटलीतून थेंब थेंब पाणी चालू असतं. गल्लीतली टवाळ पोरं जाता-येता पेशंट कसा आहे म्हणून विचारतात आणि सर त्यांना मनापासून सांगतात, की परवापासून नवीन पालवी आहे.

त्यांचे धाकटे भाऊ महादेव माकणीला शेती बघतात. त्यांच्या ज्वारीवरची पाखरं हाकलायला सरांनी एकदा जुन्या कॅसेटींच्या फिती सोडवून शेतभर ताणल्या. वाऱ्यानं फिती चमकतात, सळसळतात आणि पाखरं भितात, हे बरोबरच आहे. पण पाखरं काही हलली नाहीत. महादेवभाऊंनी तक्रार केली तर सर म्हणाले, "भजनाच्या फिती लावल्या, तिथंच चुकलं. बसली असतील ऐकत."

आम्ही धाराशिवला या घरात राहायला आलो त्या दिवशी सर ओळख करून घ्यायला आले. मी काय करतो म्हणून विचारलं. जिल्हा परिषदेत आहे, म्हटलं. "ते झालं पहिलं," सर म्हणाले. "दुसरं काम काय?" आतून आमच्या सौभाग्यवतींनी, सुनंदानं, आवाज दिला की पहिलं काम टाळणं हेच ह्यांचं दुसरं काम आहे. सरांना ते उत्तर इतकं आवडलं की त्या दिवसापासून माझ्यापेक्षा तिच्याशीच त्यांची जास्त गट्टी आहे.

सरांची सगळी नोकरी औषधनिर्माणशास्त्राच्या कॉलेजात गेली. पोरांना औषधं कशी काम करतात ते शिकवायचे. निवृत्त झाले तरी औषधांविषयी बोलताना त्यांचा सूर भावकीतल्या पोरांविषयी बोलावं तसा असतो. एक गोळी निघाली होती बीपीवर, तिनं लोकांच्या टकलावर केस उगवले. दुसरी डोकेदुखीची म्हणून प्रसिद्ध होती, ती आता हृदयाच्या पेशंटांना रक्त पातळ राहावं म्हणून देतात. हे सांगताना सरांचा ऊर भरून येतो. "औषधाचंबी माणसासारखंच असतंय," ते म्हणतात. "एका खात्यात आयुष्य काढायचं, आणि एक दिवस कुणीतरी दुसऱ्या खात्यात बोलावून घेतंय."

सरांच्या घरात काकू आहेत, सुमनकाकू. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, तेव्हा दोघंच. काकू मूळच्या बेंबळीच्या, बोलायला मोकळ्या आणि अंगानं अगदी काडी. कारण त्यांच्या मोठ्या आतड्याला सूज येते आणि आतून व्रण पडतात. हा आजार वर्षानुवर्षांचा. कधी निवतो, कधी उसळतो. उसळला की पोटात पीळ पडतो, रक्त जातं आणि थोड्या थोड्या वेळानं धावावं लागतं. औषधं चालू असतात, पण त्यांचा गुण कधी येतो, कधी येत नाही.

काकूंनी त्याचीही गंमत करून ठेवली होती. धाराशिवहून तुळजापूर, तामलवाडीमार्गे सोलापूरला जायचं तर वाटेत कुठल्या हॉटेलाच्या मागं संडास आहे, कुठला स्वच्छ, कुठल्याची कडी लागत नाही, हे सगळं त्यांना पाठ. मला ऑफिसच्या कामाला सोलापूरला जायचं असलं की त्या मला न विचारता सल्ला द्यायच्या. त्याचा उपयोगही झालाय, ते असो.

एका गोष्टीवर मात्र त्या हसत नसत. ती म्हणजे येळवस.

बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. वेळ अमावस्येला आम्ही येळवस म्हणतो, आणि त्या दिवशी आमच्याकडं गावंच्या गावं रिकामी होऊन शेतात जातात. ज्याला शेत नाही त्याला दहा जणांची आवतणं असतात. कडब्याची खोपटी, म्हणजे कोप, उभारतात, आत पूजा मांडतात. मडक्यात ताक आणि ज्वारीच्या पिठाची आंबील, सगळ्या ओल्या शेंगांचे दाणे घालून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे. दिवस मावळेपर्यंत कुणी घरी येत नाही. बाजारपेठेत त्या दिवशी कुत्रं फिरत नाही.

काकू आदल्या दिवसापासून राबून हे सगळं करायच्या, डबे भरायच्या, मडक्याच्या तोंडाला फडकं बांधायच्या. आणि सकाळी दारात उभ्या राहून आम्हाला सगळ्यांना माकणीच्या वाटेला लावायच्या. शेतात आडोसा असतो, पण सगळं गणगोत तिथं जमलेलं असताना सारखं उठून आडोसा शोधायचा कुणी? सर म्हणायचे मीही थांबतो, तर काकू त्यांना रागवून पाठवायच्या, कारण थोरल्या भावाशिवाय पूजा कशी होणार. एका वर्षी विसरलेली चटई न्यायला मी वाटेतूनच परत आलो. अख्ख्या गल्लीत काकू एकट्या, पायरीवर बसलेल्या. मला बघून सावरल्या आणि म्हणाल्या, "म्या गल्ली राखायला हाय. तुमी जावा निवांत." त्या वर्षीची भज्जी मला गोड लागली नाही.

तर असं चालू असताना सर एका सकाळी चहाचा कप हातात घेऊन, म्हणजे स्वतःच्या घरचा कप घेऊन, आमच्या ओट्यावर आले. त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. छातीतला कफ पातळ करायचं एक जुनं औषध आहे, पुडीत मिळतं, पाण्यात विरघळवून घेतात. त्याला दुसरं काम आधीच मिळालेलं होतं. तापाच्या गोळ्या भारंभार खाऊन कुणाचं यकृत धोक्यात आलं तर हेच औषध देऊन वाचवतात. आणि आता, सर म्हणाले आणि त्यांचा आवाज चिरकला, ते आतड्याच्या सुजेवर वापरून बघताहेत.

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. आतड्याला सूज असली की आत सतत बारीक ठिणग्या उडतात आणि त्या आजूबाजूचं चांगलं कातडं जाळत सुटतात. कडब्याच्या गंजीजवळ कुणी बिडी ओढत बसावं तसा प्रकार. हे औषध त्या ठिणग्या विझवतं. सूज कशामुळं आली ते त्याला ठाऊक नाही, पण जळणं तर थांबतं. निदान थांबावं, अशी आशा.

काकू भिंतीपलीकडून ऐकत होत्या. म्हणाल्या, "मग द्या की मला. खोकल्याच्या पुड्या घरातच हायत."

मला वाटलं आता सर उठतील आणि पुडी फोडतील. ज्या माणसानं इडलीपात्राची रंगाची पॅलेट केली, पोरीच्या जुन्या पाळण्यात कांदे साठवले, त्याला एका पुडीचं दुसरं काम करायला कितीसा वेळ? पण सरांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "छत्री चुकली तर मोजे वले राहतात. तुझ्याबाबत चुकलं तर मी काय करू?"

त्यांचं म्हणणं, किती द्यायचं, कुणाला द्यायचं, चालू गोळ्यांबरोबर चालतं का, हे मोजल्याशिवाय घरच्या माणसाला असं काही देणं म्हणजे इतकी वर्षं पोरांना शिकवलं त्यावर पाणी सोडणं. पुड्या घरातच होत्या, हाताच्या अंतरावर. त्या त्यांनी उचलून मला देऊन टाकल्या. मला खोकला नव्हता.

आणि मग ते डॉक्टरांच्या मागं लागले. कागद काखेत, टोपी डोक्यावर, जो पोटाचा डॉक्टर दिसेल त्याच्या दारात. काहींनी चहा पाजला, काहींनी नंतर या म्हटलं. शेवटी सोलापूरच्या एका डॉक्टरांनी त्यांना पूर्ण ऐकून घेतलं आणि सांगितलं की आमच्याच दवाखान्यात ह्याच औषधाची चाचणी सुरू होतेय, बाईंना घेऊन या. तपासण्या झाल्या आणि काकूंची निवड झाली. नेहमीच्या गोळ्या चालूच राहणार, त्यावर ही एक कॅप्सूल. पण अट अशी, की निम्म्या पेशंटांना खरं औषध आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ कॅप्सूल. कुणाला काय, हे पेशंटला कळणार नाही आणि डॉक्टरांनाही नाही. सगळं संपल्यावर नावांची बंद पाकिटं फुटणार.

सर हरखून गेले. आणि मग त्यांना त्यांच्या नाकाची भीती वाटायला लागली.

झालं असं की त्या औषधाला नासक्या अंड्यासारखा वास आहे, आणि सरांचा जन्म बाटल्या हुंगण्यात गेलेला. त्यांनी मला पुढचं सगळं संकट मांडून दाखवलं. कॅप्सूलची बाटली घरात राहिली तर कधी ना कधी वास येणार. वास आला तर त्यांना कळणार. त्यांना कळलं तर तोंडावर दिसणार. तोंडावर दिसलं तर काकूंना कळणार, आणि चाचणी नासली. मी म्हटलं, डॉक्टरांनी वासाची काहीतरी सोय केलीच असेल. सर म्हणाले, "त्यांनी औषधाची केली असंल. माझ्या नाकाची सोय कोण करणार?"

म्हणून बाटली आमच्या घरी आली. काकूंनी ती सुनंदाच्या हातात दिली तेव्हा सर अंगणात पाठमोरे उभे होते. काकू सकाळ-संध्याकाळ येऊन कॅप्सूल घ्यायच्या, दोन घटका बसायच्या. सरांनी मात्र आमच्या घरात पाऊल टाकायचं बंद केलं. काही बोलायचं असलं की फाटकाबाहेर, नाकाला रुमाल लावून बोलायचे. गल्लीत बातमी पसरली की आमचं आणि बिराजदारांचं बिनसलंय, आणि ते इतकं की आमच्या दाराचा वाससुद्धा त्यांना नको झालाय. कोपऱ्यावरच्या एक आजी समेट घडवायला आल्या. खरं कारण सांगितलं तर त्यांना पटलं नाही. त्यांच्या मते वाद भिंतीचाच असणार.

आता बाटली आमच्या स्वयंपाकघरात आणि आमच्या सौभाग्यवती जिज्ञासू. एका दुपारी तिनं मला हात धरून आत नेलं आणि कानात सांगितलं की खरं औषध आहे. झाकण काढलं की असा वास येतो की विचारू नका. मी तिला रागावलो, मग मलाही इतका आनंद झाला की रागवायचं राहून गेलं. चार-पाच दिवस आम्ही दोघं काकूंकडं बघून उगीचच हसत होतो. सुनंदानं शिरासुद्धा केला, कशाबद्दल ते न सांगता.

मग एका सकाळी आमटीला फोडणी देताना तिचा हात थबकला. बाटली तिनं जिथं ठेवली होती, त्या फडताळात, अगदी चिकटून, खड्या हिंगाचा डबा होता. त्याचं झाकण वर्षापासून सैल. त्या फडताळातल्या साखरेलाही तोच वास येत होता. आम्ही एकमेकांकडं बघितलं आणि शिऱ्याबद्दल पुन्हा कधी बोललो नाही. सरांच्या कानावर मात्र हिंगाची गोष्ट घातली. त्यांनी रुमाल खाली केला, थोडा विचार केला आणि गंभीरपणे म्हणाले की हिंगाला दुसरं काम मिळालं, आता बाटली तिथून हलवू नका.

दिवाळीच्या सुमाराला काकू आमच्याकडं बसल्या की पूर्ण चहा पिऊन उठायला लागल्या. आधी अर्धा कप तसाच टाकून जायच्या. मग एकदा टीव्हीवरची अख्खी मालिका बघून गेल्या, जाहिरातींसकट. गालावर जरा मांस आलं. आम्ही सरांना म्हटलं, बघा गुण येतोय. सर मान फिरवायचे. ही सूज आपोआपही कमी होते, म्हणायचे, एवढ्यात काही बोलू नका. आनंद होत होता त्यांना, पण ते त्याला उंबऱ्याच्या आत घेत नव्हते.

त्याच दिवसांत सर रविवारचे गायब व्हायला लागले. सकाळच्या एसटीनं जायचे, संध्याकाळी दमून यायचे. कुठं गेला होता म्हटलं तर, काम होतं. हातांना पांढरं काहीतरी लागलेलं असायचं. काकूंनी शोध लावला की ते चोरून देवाला जातात. जन्मभर पोरांना शास्त्र शिकवलं, आता उघड नवस बोलायची लाज वाटते म्हणून लपवतात, आणि हाताला असतो तो अंगारा. आम्हाला ते पटलं. काकू तर मनातून फार सुखावल्या. रविवारी त्या मुद्दाम सरांच्या आवडीची धपाटी करायच्या आणि देव पावो म्हणून आम्हाला डोळा मारायच्या.

मार्गशीर्ष आला. चाचणीच्या बाटल्या संपल्या, शेवटची तपासणी झाली. आतून सूज बरीच उतरली आहे, असं डॉक्टर म्हणाले. पण पाकिटं फुटायला अवकाश होता. बाकीच्या पेशंटांची चाचणी व्हायची होती.

आणि येळवस आली. आदल्या दिवशी काकूंनी डबे भरायला घेतले, नेहमीसारखे, सगळ्यांचे. सुनंदानं विचारलं, या वर्षी तुम्ही येणार ना? काकूंचा हात पिठातच राहिला. "कसली कॅप्सूल व्हती, कुणाला ठाव," त्या म्हणाल्या. "नुसतीच असली म्हंजे? शेतात पोचल्यावर सुरू झालं तर म्या कुठं तोंड लपवू?" इतक्या वर्षांत त्यांच्या डोळ्यांत पाणी मी पहिल्यांदा बघितलं.

सर दारातून म्हणाले, "तू चल."

"तुमाला कळलंय का काय? खरी व्हती ती?"

"न्हाय कळलं. तरीबी चल."

सर असं कधी बोलत नाहीत. कारण दिल्याशिवाय ते कुणाला चहासुद्धा घ्या म्हणत नाहीत. त्यामुळंच की काय, काकू निघाल्या. जीपमध्ये दाराजवळची जागा धरून बसल्या, पदर मुठीत. माकणीपर्यंतच्या वाटेवर कुठं थांबता येईल हे त्या मनात म्हणत असणार. एकदाही थांबावं लागलं नाही.

शेतात ज्वारी कमरेच्या वर आली होती, तुरीला शेंगा लगडल्या होत्या. मधोमध कोप उभी होती. आणि कोपेच्या मागं, लिंबाच्या झाडाखाली, एक लहानशी पक्की खोली होती. गुलाबी रंगाची, निळ्या दाराची, वर पाण्याची टाकी. दारापाशी रज्जाक मिस्त्री, आमच्याच भागातले गवंडी, पांढरेशुभ्र कपडे घालून उभे होते. सणाचं आवतण त्यांनाही होतं. सर दिसताच ते म्हणाले, "सर, पानी सोड्या. सब तय्यार है."

एसटीचे रविवार, हाताला लागलेला अंगारा, सगळं तेव्हा उलगडलं. मी दार उघडून आत डोकावलो. नवी फरशी, नवं संडासाचं भांडं, नवा नळ, भिंतीला धरायला आडवी दांडी, आतून भक्कम कडी. सरांच्या मालकीची, पण कुठलंही दुसरं काम नसलेली अशी वस्तू मी प्रथमच बघत होतो.

मी सरांना बाजूला घेऊन विचारलं की सांगितलं का नाही. सर टाकीकडं बघत म्हणाले, "औषध लागू पडलं असलं तर सोन्याहून पिवळं. पण न्हाय पडलं तरी हिनं अजून किती वर्षं दारात उभं राहायचं? मला ते बघवत न्हाय हो. कधीच बघवलं न्हाय."

काकू आल्या. त्यांनी खोलीला एक फेरी मारली. दार उघडलं, आत गेल्या, कडी लावली, काढली, बाहेर आल्या. काकूंनी सरांकडं बघितलं, बराच वेळ. मग म्हणाल्या, "खिडकी जरा मोठी ठिवायची व्हती." आणि पदर खोचून पूजेला गेल्या.

पूजा झाली, जेवणं झाली. काकूंनी भज्जी बेतानंच खाल्ली, पण आंबील मागून घेतली. मग पिकावर आंबील शिंपडत शेताला फेरी घालायची वेळ झाली. दरवर्षी ही फेरी बायका-माणसं मिळून आरडाओरडा करत घालतात, पार कडेच्या बांधापर्यंत. काकूंनी लहान मडकं उचललं. कुणी म्हणालं, तुम्ही इथंच थांबा, जवळच शिंपडा. त्या ऐकायला थांबल्याच नाहीत. ज्वारीत शिरल्या आणि त्यांचा आवाज सगळ्यांत वर ऐकू यायला लागला.

सर गेले नाहीत. ते नव्या खोलीत नळाखाली बादली लावून उभे होते. बादली भरली तरी मान वर करेनात. मी दारात उभा होतो, मला सगळं दिसत होतं. काकू तुरीच्या पट्ट्यापलीकडं गेल्या, विहीर मागं टाकली, बांधाकडं चालल्या.

"कुठवर गेली?" सरांनी आतून विचारलं.

"बांधाला लागल्या," मी म्हटलं.

नळ बंद झाला. "जाताना मागं बघत होती का? हिकडं, खोलीकडं?"

मी नीट बघितलं. काकू बांधावर उभ्या राहून महादेवभाऊंच्या सुनेला काहीतरी सांगत होत्या, मडकं कमरेवर, आणि दोघी हसत होत्या.

"एकदाबी न्हाय, सर," मी म्हटलं.

सर बाहेर आले. नव्या उंबऱ्यावर बसले, खांद्यावरचा पंचा ओढून त्यात तोंड घातलं आणि खुशाल रडायला लागले. मी त्यांच्या शेजारी बसलो. बांधावरून काकू परत येईपर्यंत आम्हाला उठायची काही घाई नव्हती.